पाचवा पाऊस

हवाईच्या त्या बेटावर सात महिने पाऊस फिरकला नव्हता. छपरावरचं पाणी साठवायच्या टाकीचा तळ दिसू लागला, तेव्हा आश्लेषाने गाशा गुंडाळून रेडमंडला परत जायचं ठरवलं. शेजारच्या पुआ आंटी मात्र रोज सकाळी डोंगराकडे तोंड करून एकेका पावसाला नावाने हाक मारायच्या. तिथे प्रत्येक पावसाला वेगळं नाव होतं.

"माझी सगळी नावं हाका मारून संपली गं," एकदा त्या थकून म्हणाल्या. "तुमच्याकडे असतात का पावसाला नावं?"

"असतात ना, आंटी!" आश्लेषाने आठवून आठवून पावसाची सगळी नक्षत्रं क्रमाने लिहून दिली.

पाचव्या दिवशी ती सामान गाडीत ठेवत असताना पलीकडून हाक आली, "आश्लेषा!"

निरोप द्यायला बोलावत असतील म्हणून ती धावत गेली. आंटींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचे डोळे डोंगरावरच्या धुक्यात हरवले होते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य झाले होते. आज पाचव्याची पाळी होती.

आश्लेषा त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःला हाक मारली.