खांबासारखा नवरदेव

"लग्नात मी खांबासारखा उभा होतो. रडली ती तुमची आई," असं मास्तर मुलींना इतकी वर्षं सांगत आले होते की आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. बायको म्हणायची, उलट झालं होतं. लग्नाचा फोटो वाळवीने कधीच फस्त केला होता, उरली होती एक निगेटिव्ह. एकदाचा सोक्षमोक्ष लावायला मास्तरांनी माळ्यावरचा जुना फिल्म स्कॅनर खाली काढला.

पण त्याची पिन म्हशीच्या जबड्याएवढी आणि नव्या कॉम्प्युटरचं भोक मुंगीच्या नाकपुडीएवढं. मास्तरांनी पिनेला अडॅप्टर लावला, अडॅप्टरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. हे गोत एवढं वाढलं की कॉम्प्युटर राहिला दिवाणखान्यात आणि स्कॅनर जाऊन बसला स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. त्यामुळे त्यात निगेटिव्ह घालायचं काम आपसूकच बायकोकडे आलं.

शेवटी स्कॅनर खरखरला आणि फोटो इंचाइंचाने पडद्यावर उतरू लागला. आधी खुदुखुदु हसणारी नवरी आली. मग आला सासऱ्याच्या गळ्यात पडून, नाकाला पांढराशुभ्र रुमाल लावून हुंदके देणारा नवरदेव.

मास्तरांनी वायरच उपटली.

"जुळलं का हो?" आतून आवाज आला.

"कसलं जुळतंय. म्हातारं यंत्र ते, नव्याला ओळखच देत नाही."

"राहू द्या मग. घालायच्या आधी मी खिडकीशी धरून बघितलीये. सगळं स्वच्छ दिसतंय, फक्त तुमचा रुमाल तेवढा काळा आहे."