मुहूर्ताआधीचा प्रश्न

"अजून नाय आला नंबर," भूमिका म्हणाली. "पहिलाच चालू हाय."

नवरी तीच. पाटावर बसलेली आणि सगळं लक्ष मोबाईलमध्ये. मोबाईल तिच्या मैत्रिणीने, उजमाने धरला होता. ठमाबाईने तो नवरीच्या हातातून दोनदा काढून घेतला होता, म्हणून. ठमाबाई धवलारीण. लग्नाची गाणी तिची, विधीही तिच्याच तोंडचे. रात्रभर हळदीत गाऊन तिचा आवाज बसला होता, पण टोमण्यापुरता शिल्लक होता.

"लगीन तुझां हाय का मोबाईलातल्या बाप्यांचां?"

"जरा थांब गो आते. आपल्या बांधाचा प्रश्न हाय."

मोबाईलवर लोकसभा चालू होती. वरसेहून नवरदेवाची गाडी कधीच आली होती. कान्हू, म्हणजे नवरीचा बाप, तरी रस्त्यावरच उभा होता. कुणाची वाट बघतोय ते कुणालाच सांगत नव्हता.

खाडीच्या बांधाला मागे खांड पडली. चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. उधाणाचं खारं पाणी आत आलं आणि कान्हूचं शेत गेलं. शेजारचं उजमाच्या घरचंही गेलं. नवीन बांधाला दिल्लीचे पैसे मंजूर झाले, पेपरात आलं, गावात फटाके वाजले. पुढे एक दगड पडला नाही. ह्या पावसाळ्यात पाणी अजून आत सरकलं तर गावाचं तळं खारट होणार होतं. प्यायचं पाणी तेवढंच.

तेव्हापासून भूमिका खासदाराच्या मागावर होती. तो लोकसभेत काय बोलतो, काय विचारतो, मत कुठे देतो, सगळं वेबसाईटवर पडतं. कोणी बघत नाही एवढंच. ती बघायची. मत तो पक्ष सांगेल तिकडे द्यायचा. भाषणं थोडीच, त्यातली निम्मी कुणाच्या तरी अभिनंदनाची. प्रश्न विचारायचा ते टोलचे, विमानतळाचे. बांधाचं नावही नाही. मग ती आणि उजमा पेणच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहायच्या. "साहेबांनी ह्या टायमाला पन नाय विचारलां." पुढे पुढे तिथला पोरगा ह्या दोघी दिसल्या की मागच्या दाराने चहा आणायला जायचा. शेवटी खासदाराचा पीए वैतागला.

"बाय, तूच लिहून दे ना प्रश्न."

तिने लिहून दिला.

असे ढिगाने प्रश्न जातात. चिठ्ठ्या टाकून थोडेच निघतात. जे निघतात त्यांना मंत्र्याला उभं राहून, तोंडाने उत्तर द्यावं लागतं. बाकीच्यांना नुसता कागद. कागदावर 'काम प्रगतीपथावर आहे' असं लिहून सुटता येतं. तोंडी असलं की खासदाराला उलटा प्रश्न टाकता येतो, काम संपणार कुठल्या तारखेला? तो उलटा प्रश्नसुद्धा भूमिकाने लिहून दिला होता. आणि चिठ्ठीत तिचा प्रश्न निघाला. यादीत तिसरा.

फक्त तारीख तिच्या लग्नाची आली. तिने कान्हूला सांगितलं. तो म्हणाला, "बरां झालां," आणि मांडववाल्याशी भांडायला गेला.

दुसऱ्या प्रश्नाचा मंत्री खाली बसला. उजमाने मोबाईल जवळ आणला. ठमाबाई मुंडावळ्या हातात घेऊन थांबली. तळ्याचं पाणी तीही पीत होती.

अध्यक्षांनी नंबर घेतला. खासदाराचं नाव पुकारलं. कॅमेरा त्याच्या बाकाकडे वळला.

बाक रिकामा.

अध्यक्षांनी परत नाव घेतलं.

"बाथरूमला गेला असंल," उजमा म्हणाली.

"नंबर आल्यावर कोन जाता बाथरूमला?"

अध्यक्ष म्हणाले, सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न कुठल्यातरी राज्यातल्या सुपारीचा होता. तो विचारणारा जागेवर होता. तो उभा राहिला, त्याने विचारलं, मंत्र्याने सांगितलं. बांधाचं उत्तर आता कागदावर येणार होतं.

"कुठं कडमडला मेला," उजमा म्हणाली.

भूमिकाने डोकं पुढे केलं. ठमाबाईने मुंडावळ्या बांधल्या. गाठ जरा जोरात बसली, तरी ती हलली नाही.

तेवढ्यात बाहेर बेंजो सुरू झाला. फटाक्यांची माळ लागली. नवरदेव तर आधीच आत बसला होता, मग हे कोणासाठी ते कळेना. कान्हू आत आला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, फेटा एका कानावर. महिन्याभरात पहिल्यांदा तो हसत होता.

"उठ गो भूमे. पाव्हणा आला. केरूच्या पोरीच्या लग्नाला आला नव्हता, तवा आख्ख्या वाडीनं मत फिरवलेलां. मी फोनवर सांगून ठेवलेलां, माझ्या पोरीला नाय आलास तर परत तीच गत. दिल्लीवरनं रात्रीचां इमान धरून आलाय तो."

त्याच्या मागून मांडवाच्या झालरीखाली वाकून खासदार आत आला. पांढरे कपडे, गळ्यात गावाने घातलेला हार, मागे फोटोवाला. त्याने भूमिकाच्या हातात साडी आणि नारळ ठेवला. फोटो निघेपर्यंत साडी सोडली नाही. मग जरा वाकून, अगदी घरच्यासारखा, तिला म्हणाला,

"आज तुझा प्रश्न लागलाय बरं का लोकसभेत. बघितलास की नाय?"