पालथं मापक

ढगांची वाटणी यंत्राकडे गेल्यापासून युरोपातल्या सगळ्या पावसाळी शहरांच्या पावसात मिलिमीटरचाही फरक पडत नसे. तरी बर्गेनची शाल्मली रोज सकाळी अंगणातलं पर्जन्यमापक वाचून युरोपाच्याच दुसऱ्या टोकाच्या सांतियागोतल्या भार्गवला फोन करी.

"आमच्याकडे एकतीस," तो म्हणाला. "तुझ्याकडे?"

"आज काय सांगू? काल सवयीनं मापक घासून ओट्यावर पालथं घातलं, बाहेर ठेवायचंच राहिलं. आणि बाहेर तर थेंबही नाही रे."

"असं कसं? यंत्र तुझ्याकडेही एकतीसच दाखवतंय."

तिनं मापक उचललं. भसकन पाणी सांडलं. उचलून पाहिल्या, तर शेजारच्या पालथ्या वाट्याही भरलेल्या होत्या.

आतल्या खोलीत आई पालथी झोपली होती. तिच्या श्वासातून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता.