खंडेनवमीची सफाई

“हात बाहेर काढू नका, मामा. नळाखालीच धरा.”

केरबामामांनी हात धरला, पण हसत हसत. शाहिस्ताला त्या हसण्याचाच राग आला. ॲसिड उजव्या मनगटापासून बोटांपर्यंत सांडून दहा मिनिटं झाली होती आणि हा माणूस जेवणाआधी पाहुणा हात धुवायला बसावा तसा निवांत बसला होता. हातावर नुसती लाली. फोड नाही, काही नाही.

“निळ्या टोपणाचा कॅन हुता, पोरी. निळं म्हंजे साधं, गंज काढायचं. तूच शिकवलंयस की.”

तिनेच शिकवलं होतं. ओतकामाच्या या कारखान्याचं केमिकल स्टोअर तिच्या ताब्यात आल्यापासून साध्या ॲसिडला निळं टोपण आणि एचएफला, म्हणजे काच खाणाऱ्या ॲसिडला, लाल. दोन्ही दिसायला पाण्यासारखी, म्हणून टोपणांना रंग आणि कॅनवर ठळक चिठ्ठ्या. पण परवा खंडेनवमी झाली. यंत्रं, हत्यारं पूजेला मांडायची म्हणून मामांनी अख्खं स्टोअर घासून काढलं आणि त्यात कॅनवरच्या मळक्या चिठ्ठ्याही गेल्या. सगळे कॅन पांढरेशुभ्र, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडू. ते बघून शाहिस्ता काय म्हणाली होती? “झकास, मामा!” टोपणं तर आहेत, चिठ्ठ्या दसरा झाल्यावर लावू, असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र तिने विचारली नव्हती. ती आता विचारली.

“मामा, टोपणं कशी धुतलीत?”

“कशी म्हंजे? सोड्याच्या पाण्यात. चांगली घासून.”

“रंगारंगाची वेगळी?”

मामांचं हसू थांबलं. “एकाच घमेल्यात,” ते म्हणाले.

म्हणजे निळं टोपण एचएफच्या कॅनवरही बसलेलं असू शकत होतं. प्रथमोपचाराच्या पेटीत एचएफवर लावायच्या कॅल्शियमच्या मलमाची एकच ट्यूब होती. ती तिने मामांच्या हातावर शेवटपर्यंत पिळली. खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेल्या फोनवर शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई होत्या.

“दुखतंय का त्यांना?”

“न्हाय, न्हाय!” मामाच मोठ्यानं म्हणाले. “कायसुदिक न्हाय!”

“त्यावर जाऊ नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साधं ॲसिड लगेच चरचरतं. एचएफ गुपचूप आत शिरतं. हाडापाशी पोचलं की मग ठणका लागतो, आणि जास्त भिनलं तर हृदय बंद पडतं. आत्ताच्या आत्ता आणा. मी इंजेक्शन काढून ठेवते.”

कारखान्याची गाडी माल घेऊन जयसिंगपूरला गेलेली. वॉचमन रिजवानने आपली मोटारसायकल थेट स्टोअरच्या दाराशी आणून लावली. “आपा, चला की! मामांना मधी बसवा.”

मामा जागचे हलेनात.

“दवाखान्यात गेलं की कागद हुतोय,” ते हळू आवाजात म्हणाले. “कागद झाला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. चिठ्ठ्या कुठं हायत म्हणून तो काय मला इचारणार हाय? स्टोअर तुझ्या नावावर हाय. जाऊ दे. साधंच हाय ते.”

तेवढ्यात शाहिस्ताच्या मनात येऊन गेलं की असेलही साधंच. नुसती लाली तर आहे. निळं टोपण नेमकं साध्याच्याच कॅनवर बसलं नसेल कशावरून? हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“उठा!” ती किंचाळली. “पाया पडते तुमच्या, मामा, उठा!”

“उठत न्हाय जा.”

रिजवानने दंडाला धरून ओढून पाहिलं. तीस वर्षं कॅन उचललेलं शरीर ते, इंचभर सरकलं नाही.

मग शाहिस्ताने मामांच्या नाकावरचा चष्माच काढून घेतला. हातमोजे चढवले आणि सांडलेल्या कॅनमधला एक थेंब नळीने डाव्या काचेवर सोडला.

“आगं, नवा हाय! लेकीनं करून दिलाय!”

“माहीत आहे मला. खऱ्या काचेचा आहे ना? साधं ॲसिड असेल तर काही होणार नाही त्याला.”

दोन मिनिटं तिने थेंब काचेवर तसाच राहू दिला. मोटारसायकल दारात फटफटत होती. शाहिस्ताचं अर्धं लक्ष मामांच्या हाताकडे आणि अर्धं काचेकडे, आणि दोन्हीकडे बघवेना. मग तिने चष्मा भरपूर पाण्याखाली धरला, ओढणीने टिपला आणि मामांच्या नाकावर ठेवला.

मामांनी दाराकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून बाहीने डावी काच पुसली, पुन्हा पुसली. दुधाळ डाग होता तिथेच राहिला.

“मामा, आता तरी चला.”

ते उठले. दारापर्यंत गेले, गाडीवर बसण्याआधी वळले आणि उजवा हात तिच्यापुढे धरला. बोटं मिटत नव्हती.

“मगाधरनं ठणकतंय, पोरी,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडाकडं बघून बोललो न्हाय.”