नामगजर लांबला त्याची गोष्ट

या, असे जवळ सरकून बसा, कुंभारवाड्याची एक गंमत सांगतो. गावोगाव कीर्तनं करत फिरणाऱ्या परशुरामबुवांची पत्रं दुपारच्या बसनं मागोमाग येत. पूर्वरंग संपला की लोक नामगजर करत, तेवढ्यात बुवा उत्तरं लिहून त्याच बसनं परत धाडत. त्या दिवशी लेकीच्या सोयरिकीला होकार कळवायचा होता. आज पत्र गेलं नाही तर स्थळ हातचं जाणार होतं. लिहिता लिहिता वेळ टळली.

"बस गेली गं गिरजाक्का," बुवा हताशपणे म्हणाले.

"लिवा सावकाश," गजर सांगणारी गिरजाक्का हसली. "डायवर हितंच टाळ कुटतोय, बस कुठं जातीया?"

मंडळी, देवाचं नाव घेताना त्या डायव्हरचीही आठवण ठेवा.