गुरुवारची पिशवी

“मॅडम, वेड्यांच्या डॉक्टरकडे शहाणी माणसं येतात का हो?”

मैत्रिणींनी मूठभर चिंचांच्या पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न शलाकाने उभं राहून ठणकावून विचारला आणि सगळा दहावीचा वर्ग खो खो हसला. ग्रामीण रुग्णालयातून व्याख्यान द्यायला आलेल्या, मनाच्या आजारांच्या डॉक्टर मॅडमही हसल्या.

“येतात की! म्हणून तर मी गुरुवारी बसते, बाजाराच्या दिवशी. खोली नंबर सात, फी नाही. लोक हातात पिशवी घेऊनच येतात. कुणी हटकलं तर ‘भाजीला आलोय’ म्हणायला बरं! पेपर समोर आला की हात थरथरतात, अशी पोरंही येतात.”

शलाकाचं हसू ओसरलं. सहामाहीला तिचे हात असेच थरथरले होते आणि गणिताचा पेपर कोरा राहिला होता. शहरातल्या डॉक्टरांची फी ऐकून बाबा “पुढच्या वर्षी बघू” म्हणाले होते. बोर्डाची परीक्षा काही तोवर थांबणार नव्हती.

जिंकलेल्या चिंचा चोखतच ती घरी पोचली. आईबाबा चहा घेत होते. तिने खुंटीवरची बाजाराची पिशवी काढून खांद्याला अडकवली.

“उद्या गुरुवार. मी ग्रामीण रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे, सात नंबरच्या खोलीत जाणार, हातांच्या थरथरीसाठी. फुकट आहे!”

“अगं, पण कुणी बघितलं तर?” आई दचकली.

“तर सांगेन, डॉक्टरकडे आलेय. आणि जाताजाता मेथीपण घेणारे!”