आपण आणि आम्ही

बोलकं यंत्र आल्यापासून डोंगरावरच्या त्या शाळेतली मुलं घरची केचुआ भाषा बोलायला लाजेनाशी झाली होती. बाप गेल्यापासून जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती सातुर्नीना बाईंची स्वतःची मुलगी नेलिदासुद्धा आता वर्गात घडाघडा बोलायची. बाईंनी त्या यंत्राला मनापासून दुवा दिला होता.

केचुआतही 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. यंत्र रोज म्हणायचं, "आपण वाचूया."

त्या सकाळी ते म्हणालं, "आम्ही वाचतो."

"अरे, चुकलास की!" बाई हसल्या. "आपण म्हण, आपण. मी काय भिंत आहे होय?"



"ते नाही चुकलं, आई," नेलिदा म्हणाली.

बाईंनी यंत्र बंद केलं, वायर उपटली, ते कपाटात कोंबून कुलूप लावलं. मग उसनं हसू आणत त्यांनी भाजलेल्या मक्याची पिशवी उघडली.

"चला रे पोरांनो, आपण मका खाऊया."

एकही पोर हललं नाही. सगळ्यांचे डोळे बंद कपाटाकडे होते. कुणीतरी आतून काही सांगत असावं, तशा सगळ्यांच्या माना एकाच वेळी हलत होत्या.

"नेलिदा, तू तरी ये गं."

नेलिदानं वळून पाहिलं. किती मायेनं पाहिलं!

"तू खा, आई," ती म्हणाली. "आम्हाला भूक लागत नाही."